माहेरावरून येणारं पाणी

माझे वडील माझ्या घरी यायचे तेव्हा स्वतःची भाकर घेऊन यायचे. एका हातात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या हातात पाण्याचा पांढरा प्लास्टिकचा कॅन. लोह्याच्या एसटीनं फाट्यावर उतरायचे, तिथून गावापर्यंत चालत यायचे, ओसरीवर बसायचे, नातवंडांच्या तोंडावरून हात फिरवायचे आणि जेवायची वेळ झाली की आपलं फडकं सोडायचे. आत माझ्या तव्यावर भाकरी टम्म फुगलेली असायची आणि बाहेर माझा बाप सकाळची गार भाकर चटणीला लावून खात बसलेला असायचा. शेजारपाजारच्या बायका मला विचारायच्या, "तुझा बाप सोवळ्याचा हाय का गं?" मी म्हणायची, सोवळ्याचा नाही, हट्टाचा आहे.

त्यांचं भांडण माझ्या घराशी नव्हतं. जावयाशी तर बिलकूल नव्हतं, जावयाला ते लेकापेक्षा जास्त मानायचे. भांडण होतं ते पाण्याशी. माझ्या सासरची शेती ज्या धरणाच्या पाण्यावर पिकते, त्याच धरणात माझं माहेर गेलं. एक बुडालं म्हणून दुसरं भिजलं, आणि मी दोन्हीकडची. लोक म्हणतात बाईला दोन घरं असतात. माझी एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहेत.

माझं जुनं माहेर लातूर जिल्ह्याच्या कडेला, नदीच्या काठावर होतं. नदी काही फार मोठी नव्हती. उन्हाळ्यात तिच्या वाळूत झरा उकरून आम्ही वाटीनं घागर भरायचो. पण पावसाळ्यात ती अशी भरायची की पलीकडच्या मळ्यातली माणसं पलीकडेच मुक्काम करायची. त्याच नदीवर खाली, नांदेडच्या बाजूला, धरणाची भिंत उभी राहिली आणि पाणी वर चढत चढत आमच्या वेशीपाशी आलं. जमिनीचा मावेजा, म्हणजे भरपाई, मिळाली, माळावर घरासाठी जागा मिळाली, आणि एका उन्हाळ्यात गाव उठलं. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, पत्रे नेले, तुळया नेल्या. मारुतीला गाडीत बसवून वाजतगाजत नेलं. एका म्हातारीनं अंगणातलं उखळ खणून काढलं आणि ते गाडीत चढवायला चार गडी लावले. माझ्या वडिलांना, आप्पांना, जे न्यायचं होतं ते मात्र नेता येण्यासारखं नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, माती देतात. तेही आडवं निजवून नाही. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात, विभूती आणि बेलाच्या पानांनी भरतात आणि मग माती लोटतात. आप्पांचे आई-वडील आमच्या मळ्यात आंब्याखाली असे शेजारी शेजारी बसलेले होते. आप्पा रोज औत सोडलं की तिथे टेकायचे, दिवसभरात काय झालं ते त्यांना सांगायचे. बैलानं लाथ मारली तरी सांगायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "जित्या बायकूशी बोलायचं सोडून मातीशी बोलून राहिलाय ह्यो माणूस."

समाधी उघडायची नसते. त्यामुळे गाव सोडायच्या दिवशी आप्पांनी दोन्ही समाध्या धुतल्या, विभूती लावली, बेल वाहिला. तांब्या माझ्या हातात होता, मी पाणी ओतत होते. सगळं झाल्यावर ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बसा आता. मी जातो." एवढंच. त्या पावसाळ्यात पाणी आंब्याच्या शेंड्यापर्यंत आलं आणि दिवाळीच्या आधी शेंडाही दिसेनासा झाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग होता तर बापानं लेक त्याच धरणाखालच्या गावात दिली कशी? त्याला कारण आहे. मला दिली तेव्हा माझ्या सासरी पाणी नव्हतं. कालवा होता, पण कोरडाठाक. आमचं गाव कालव्याच्या पार शेपटाला. धरण भरलं, वरच्या गावांत ऊस उभा राहिला, पण शेपटापर्यंत थेंब यायचा नाही. आमच्या गावच्या पोरांनी त्या कालव्यात स्टंप ठोकून क्रिकेट खेळून घेतलं, बायकांनी त्यात शेण थापून गोवऱ्या वाळवल्या. आप्पा स्थळ बघायला आले तेव्हा त्यांनी तो कालवा बघितला आणि मोठ्यानं हसले. पाणी काही इथवर येत नाही, अशी त्यांची खात्री झाली असावी. माणसं इमानी आहेत, जमीन काळी आहे, बस, एवढ्यावर त्यांनी लग्न जमवलं.

माझं लग्न झालं आणि पाणी आलं. माझ्या पायगुणानं आलं असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावभर सांगत सुटल्या. माझा पाय बिय काही नव्हता. झालं असं की कालव्याखालच्या गावांनी एकत्र बसून पाण्याच्या पाळीचा नियम बदलला. आधी धरणाजवळचे भिजवायचे आणि उरलं तर शेपटाकडचे. नवीन नियमाप्रमाणे पाळी शेपटापासून सुरू व्हायची. पाणी आधी शेवटच्या गावच्या शेवटच्या शेताला, मग एकेक शेत करत वर वर. तोंडाशी पाणी आणि तरी आपली पाण्याची दारं बंद ठेवून बसायचं, हे सोपं नाही. वरच्या गावांतल्या लोकांनी ते मान्य केलं आणि अजूनही पाळतात. मधूनमधून एखादा शहाणा रात्रीतून दार उचलतो, त्याला सगळे मिळून वठणीवर आणतात. त्या न बघितलेल्या माणसांना मी कितीदा मनातल्या मनात हात जोडले आहेत.

पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळपासून सगळं गाव कालव्याच्या काठावर. आधी पाणी दिसलंच नाही, कचरा दिसला. पालापाचोळा, काटक्या, कुणाची तरी जुनी चप्पल, फेस, आणि त्याच्या पुढे जीव घेऊन उड्या मारणारे बेडूक. पाण्याच्या तोंडाला हा सगळा लवाजमा असतो. कोरडी जमीन पाणी पिताना चुरचुर आवाज करते, तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमचे मालक कालव्यातून शेताकडे येणाऱ्या चारीत उतरले आणि लहान पोरासारखे पाण्याच्या पुढे उलट्या पावली चालत आमच्या शेतापर्यंत आले. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच त्यांच्यावर ओरडल्या, "खुळ्यावानी काय करून राहिलास, फावडं घे!"

त्या पाण्यानं आम्हाला काय दिलं ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. गहू दिला. त्याआधी आमच्या घरात पोळी सणालाच. हरभरा दिला, मग हळद दिली, आणि हळदीनं पक्कं घर दिलं. थोरली शिकून नर्स झाली, धाकटा नांदेडला कामाला लागला. गुरांना उन्हाळ्यात हिरवा चारा मिळाला. विहिरीला पाझर लागला, त्यामुळे माझ्या डोक्यावरची घागर उतरली. शिरूर अनंतपाळला माझी मावशी असते, तिच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याची बायका आठवडा आठवडा वाट बघायच्या. तिच्याकडून आले की मी आमच्या हौदाला नुसता हात लावून बघायची. मी कृतज्ञ आहे, हे मला लपवायचं नाही. माहेर बुडवणाऱ्या धरणाबद्दल लेकीनं असं बोलावं का, असं कुणी विचारलं तर विचारू दे. माझ्या लेकरांच्या पोटात जे गेलं त्याला मी वाईट कशी म्हणू?

आप्पा मात्र म्हणत होते.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी खायचं नाही, ही जुनी रीत. आप्पा रीतीप्रमाणे वागतात असंच सगळ्यांना वाटलं. मग थोरली झाली. बारशाला आत्याबाईंनी आप्पांसाठी पाट मांडला, रांगोळी घातली. आप्पा म्हणाले, सोमवार आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पोट बरं नाही. तिसऱ्या खेपेला फडकं आणि कॅन घेऊनच उतरले.

आत्याबाईंचा स्वभाव असा की त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, आमच्या भाकरीत जहर हाय का?"

"न्हाई इहीणबाई. तुमच्या पाण्यात कस न्हाई," आप्पा म्हणाले.

धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजघर आहे. कालव्यात उतरण्याआधी पाणी त्यातून जातं. आप्पांचं म्हणणं, त्या मशिनीत पाण्याचा सगळा कस काढून घेतात आणि मग चोथा खाली सोडतात. चोथ्यावर पिकलेला दाणा पोकळच असणार. आमच्या मालकांनी समजावलं, "मामा, पाणी नुसतं चाक फिरवतंय. त्याचा कस कुठं जायलाय?" आप्पांनी विचारलं, "बैल दिवसभर मोट वढून आला की त्याचा कस जातो का न्हाई?" मालक माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून लसूण सोलत होते, हसू दाबायला लसणाइतकं चांगलं काही नाही.

आत्याबाईंनी मात्र तो धागा सोडला नाही. उन्हाळ्यात आप्पा आले, पंख्याखाली बसले. आत्याबाई बटणापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यो फॅन बी त्याच मशिनीवर चालतोय. बंद करू का?" आप्पा म्हणाले, "करा." त्यांनी केला. दोघंही घामानं निथळत एकमेकांकडे बघत बसले, एकही हटेना. शेवटी मीच पंखा लावला आणि दोघांनाही मनातून शिव्या घातल्या.

यातली खरी गंमत मला अव्वानं सांगितली. माझं नवं माहेर माळावर, खाली मुरूम आणि खडक. बोअर मारले तर धुरळा निघायचा. ज्यांनी धरणाला गाव दिलं त्यांच्या दारात उन्हाळ्यात टँकर. मी माहेरपणाला गेले होते, तेव्हा अव्वानं मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच म्हणाली, "टँकर कुठं भरतोय ठाऊक हाय का? धरणावरच भरतोय. तुझा बाप कॅनात घालून तुझ्या घरी घेऊन जातो ते पाणी तिथलंच हाय. तू बोलू नगंस बाई, न्हाईतर म्हातारा तान्हेला मरंल." आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. मी कधीच बोलले नाही. बोलून जिंकायचं तर नव्हतंच मला.

कारण तोवर मला खरं कारण कळलं होतं. एकदा आप्पांना फाट्यावर सोडायला मी एकटीच गेले. एसटीला वेळ होता. मी न राहवून म्हणाले, "आप्पा, लेकरं इचारतात, आज्जा आपल्या घरचं का खात न्हाई. मी काय सांगू?" त्यांनी कॅन खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुझ्या घरावर माझा राग न्हाई. ते पाणी माझ्या माय-बापाच्या डोक्यावरनं येतंय. ते तिथं बसलेत, आन् मी त्यांला सोडून आलो. त्या पाण्यावर पिकलेला घास माझ्या गळ्याखाली कसा उतरंल?"

चोथा बिथा सगळं बहाणे होते. एसटी आली, ते चढले. मी फाट्यावर उभी राहून रडले, अगदी हुंदके देऊन. पानपट्टीवाल्यानं मला पाणी आणून दिलं.

तेव्हापासून माझं एकच मागणं होतं. आप्पांनी जायच्या आधी माझ्या हातची एक भाकर खावी. मोठं घर झालं, लेकरं शिकली, सगळं मिळालं, पण बाप माझ्या दारात गार भाकर खाऊन उठतो हे शल्य काही जात नव्हतं. अव्वा खायची, भाऊ खायचा, भावजय दोनदा मागून घ्यायची. फक्त आप्पा नाही. आणि आप्पा थकत चालले होते. हात कापायला लागले, कॅन भरलेला उचलवेना म्हणून अर्धाच भरून आणायला लागले. मी दरवेळी त्यांच्यासाठी भाकर थापायची, त्यांना विचारायचीही नाही, आणि ते गेल्यावर ती भाकर गाईला घालायची.

आता मागच्या रब्बीतली गोष्ट. पहिल्या पाळीचा निरोप मालकांच्या फोनवर आला. शेपटाचं शेत आमचं, म्हणजे पहिला मान आमचा. पहिलं पाणी यायच्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. चारीच्या तोंडाशी घरातली सगळ्यात मोठी बाई निवद ठेवते, मग दार उघडतं. आत्याबाई पहिल्या सालापासून हे करत आल्या. तो मान त्यांचा, त्या एकट्याच झाकलेलं ताट घेऊन पुढे जायच्या, आम्ही मागे बांधावर थांबायचो. गंगामाईचा निवद, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण गेल्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच गेले, म्हणून मला म्हणाल्या, "मला धर. तू बी चल."

मी एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातात ताट. चारीत पाणी अजून यायचं होतं, वरून ते आल्याच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. आत्याबाई खाली बसल्या, मातीवरून हात फिरवून जागा साफ केली. मी ताटावरचं फडकं काढलं. त्यात विभूती होती, बेल होता आणि पुरणपोळीचे दोन निवद, दोन वेगळ्या पानांवर.

मी विचारलं, "आत्याबाई, दोन कशाला?"

त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलतात. इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या बांधावर ऐकू जावं. त्या म्हणाल्या, "एक तुझ्या आज्ज्याचा, एक तुझ्या आज्जीचा. तुझ्या बापाचे माय-बाप बसलेत न्हवं तिथं पाण्याखाली, तूच सांगितलं व्हतंस. पहिल्या सालापासनं ठेवते मी. आमच्या घरचा मालक, तुझा सासरा बी ह्याच शेतात बसलाय, मला कळत न्हाई का बसलेलं माणूस सोडून येणं म्हंजे काय? त्यांच्या अंगावरनं आलेलं पाणी त्यांला इचारल्याबिगर कसं घ्यायचं? मी दरसाल इचारते. म्हणते, तुमच्या नातीच्या शेतात चाललंय, जाऊ द्या."

इतकी वर्षं मी या बाईच्या हाताखाली काढली, तिच्या जिभेचे पट्टे खाल्ले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाशी पंख्याच्या बटणावरून भांडणारी बाई दर साली एकटी इथे येऊन त्याच्या आई-बापाची परवानगी घेत होती. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण त्या लगेच म्हणाल्या असत्या, "आता हे काय नाटक," म्हणून नाही ठेवलं.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. मी वळून बघितलं तर आप्पा.

भावाच्या लेकीचं लग्न जमलं होतं, त्याचं आवतण द्यायला ते आले होते. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सगळे रानात, पाणी आलंय. हा माणूस इतक्या वर्षांत आमच्या शेताकडे फिरकला नव्हता. पण आवतण हातात दिल्याशिवाय परत कसं जायचं, म्हणून बांधाबांधानं चालत आले होते. एका हातात फडकं, एका हातात कॅन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं. आत्याबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. मग त्यांनी आमच्यातला नमस्कार घातला, "शरणार्थ, पाव्हणं. चपला काढा, इथं निवद हाय."

आप्पांनी चपला काढल्या. हळूहळू, गुडघ्यावर हात टेकत, ते चारीच्या काठाला त्या दोन पानांसमोर मांडी घालून बसले. बेलाचं एक पान उलटं पडलं होतं, ते सुलटं केलं. वरून आरोळी आली, पाणी वळणावर आलं होतं.

आप्पा म्हणाले, "इहीणबाई, माय पुरण खात न्हवती."

"आं?" आत्याबाईंनी कानाला हात लावला.

"माय! गोड खात न्हवती. तिला भाकर लागायची. भाकर आन् मिरचीचा ठेचा."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "मग सांगायचं का न्हाई इतकी सालं? माझ्या हातनं माऊलीला उपाशी ठिवलं की तुम्ही!"

"मला कुठं ठाऊक तुम्ही ठेवून राहिलात!"

"तुम्ही आमच्याशी बोलला असता तर ठाऊक पडलं असतं. तुम्ही तर फडकं सोडून बसायचे!"

मी मध्येच उठले. दारं धरणाऱ्या, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवणाऱ्या, माणसांसाठी मी सकाळी भाकरी थापून आणल्या होत्या, बांधावरच्या टोपल्यात होत्या. आमच्याच रानातली ज्वारी, आमच्याच चुलीवरची भाकर. मी एक भाकर आणि ठेचा आणला आणि आज्जीच्या पानावरचं पुरण बाजूला करून तिथे ठेवला. आत्याबाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आज तुमचा लेक आलाय. त्याच्या समोर इचारते. पाणी घेऊ का?"

त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. एकदाच, पण हलवली.

मालकांनी दार उचललं. पाणी पाचोळा ढकलत आलं आणि पहिल्या सरीत वळलं.

आमच्यात निवद दाखवून झाला की तो घरातल्यांनी खायचा असतो, आणि आधी मान ज्याचे पितर त्याचा. इतक्या वर्षांत तो आत्याबाई एकट्याच खात आल्या होत्या, कारण खाणारा हजर नव्हता. आता त्यांनी आज्जीचं पान उचललं आणि आप्पांसमोर धरलं. म्हणाल्या, "लेक हजर असताना म्या कसं खायचं? घ्या."

आप्पा त्या भाकरीकडे बघत राहिले. मीही बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी हात पुढे केला, भाकरीचा कोपरा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. चावत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. ठेचा तिखट आहे असा बहाणाही केला नाही. अर्धी भाकर संपवली, मग राहिलेली संपवली. पान रिकामं झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "अजून हाय का?"

मी टोपलं त्यांच्यापुढे आणून ठेवलं आणि माझ्या बापाला वाढायला बसले. पाणी दुसऱ्या सरीकडे निघालं होतं, मालक एकटेच फावडं घेऊन इकडून तिकडे पळत होते. त्या दिवशी कुणी मला दारं धरायला हाक मारली नाही.